जहाजावरची पंगत

ज्या गावाच्या उशालाच समुद्र आहे त्या दिवेआगरात उभे राहून समुद्रपर्यटनाविषयी बोलणे हे थोडे धारिष्टाचे काम आहे, हे आम्ही जाणतो. सुरूच्या बनातून दहा पावले टाकली की ज्यांना लाटा भेटतात, त्यांनी त्याच लाटा पाहण्यासाठी पैसे का मोजावेत, ही शंका रास्तच म्हणावी लागेल. परंतु काळ पालटला आहे. २०१८ साली मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यान 'आंग्रिया' नावाचे पर्यटनजहाज सुरू झाले. सरखेल कान्होजी आंग्रे यांची आठवण देणारे हे जहाज संध्याकाळी मुंबई सोडून सकाळी गोव्याला लागत असे. ती फेरी २०२० साली थांबली. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या सप्टेंबरात, कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेले मोठे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरींवर निघू लागले. २०२५ च्या सप्टेंबरात मुंबईत बॅलार्ड पिअरच्या बाजूला नव्या प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन झाले. तात्पर्य, ज्याला आता सर्रास 'क्रूझ' म्हणतात तो प्रकार केवळ धनिकांचा राहिलेला नाही. निवृत्त झालेला मास्तर, बँकेतला कारकून, दोन वर्षे बाजूला टाकलेल्या पैशांतून आईवडिलांना घेऊन जाणारा मुलगा, असे लोकही आता त्या जहाजाची शिडी चढत आहेत.

अशा माणसाचा पैसा घामाचा असतो. तो पुरता वसूल व्हावा, अशी आमची इच्छा आहे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. एखादी सोय कोणाच्या हातून, किती तासांत आणि कोणत्या वेतनावर तयार होते, हे पाहण्याची सवय त्या कामामुळे लागली. जहाजावरच्या सुखसोयींकडे आम्ही त्याच नजरेने पाहिले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की जहाजाचे काम कसे चालते हे ज्याला कळते, त्यालाच तेथील सुख पुरतेपणी लाभते. आजचे विवेचन याच एका मुद्द्याभोवती आहे.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. कोकणच्या माणसाला आगबोट नवी नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी या किनाऱ्याने वर्षानुवर्षे चालल्या. जंजिरा, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या दक्षिणेकडे जात. कित्येक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, कोंबड्या, फणस असे सारे काही पडावातून किनाऱ्यावर येई. डेकवरच्या उतारूची सोय म्हणजे त्याने स्वतः अंथरलेली सतरंजी, आणि भोजनव्यवस्था म्हणजे घरून बांधून आणलेल्या दशम्या व चटणी. वरच्या वर्गाला मात्र केबिन असे, टेबल असे, वाढपी असे. एकाच बोटीवर दोन जगे होती आणि त्यांच्यामध्ये एक जिना होता. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे आणि कोकणचा माणूस नारळी पौर्णिमेची वाट पाही. त्या बोटींवर कोणी मौजेसाठी जात नसे. जायचे ते गिरणीत, गोदीत किंवा दुसऱ्याच्या घरी कामाला, आणि परत यायचे ते शिमग्याला नाही तर गणपतीला.

पर्यटनजहाजाची गोष्ट निराळी आहे. येथे पोचण्याची घाई कोणालाच नसते. जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण. त्याला तरंगते गाव म्हटले तरी चालेल, कारण गावाला जे जे लागते ते सर्व तेथे असते. वीज तेथेच निर्माण होते, पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यातून तेथेच गोडे केले जाते, पाव तेथेच भाजला जातो. दवाखाना, धोबीघाट, नाटकगृह, दुकाने, पोहण्याचा तलाव, मुलांची खेळण्याची जागा, सारे काही त्यावर असते. या गावात शिरताना प्रवाशाने पहिला प्रश्न विचारायचा तो असा: मी दिलेल्या भाड्यात काय काय आले आणि काय राहिले?

सामान्यतः केबिन, मुख्य भोजनगृहातील जेवण, बुफे, तलाव, व्यायामशाळा आणि रात्रीचे करमणुकीचे कार्यक्रम, किंवा त्यांतील बरेचसे, भाड्यात धरलेले असतात. मद्य आणि बाटलीबंद पेये, खास उपाहारगृहे, मालिश व सौंदर्यप्रसाधन, इंटरनेट, छायाचित्रे, बंदरावर उतरून करायच्या सहली आणि डॉक्टरची फी यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात. सेवाशुल्क काही ठिकाणी भाड्यात असते, काही ठिकाणी दर माणशी दर दिवशी बिलात चढते. जहाजावर रोकड सहसा चालत नाही. प्रवाशाला एक कार्ड देतात, तेच केबिनची किल्ली आणि तेच उधारीचे खाते. वाण्याच्या वहीवर माल घेणाऱ्याला ठाऊक असते की खिशातून नोट निघाली नाही म्हणजे खर्च झाला नाही असे वाटू लागते. म्हणून रोज रात्री आपल्या खात्यावर काय चढले ते स्वागतकक्षात विचारून घ्यावे. शेवटच्या दिवशी रांगेत उभे राहून वाद घालण्यापेक्षा हे सोपे. तिकीट काढतानाच ही यादी लेखी मागावी. तोंडी आश्वासन म्हणजे पाण्यावरची रेघ, हे कामगारांना करार करताना जितके लागू आहे तितकेच प्रवाशालाही आहे.

केबिनची निवड हाही विचाराचा भाग. आतील केबिनला खिडकी नसते. ती स्वस्त पडते, आणि ज्याला केवळ झोपायचे आहे त्याला ती पुरते. बाहेरच्या केबिनला खिडकी किंवा सज्जा असतो. ज्याला बोट लागते त्याने मात्र सज्ज्याच्या मोहात पडू नये. जहाजाची हालचाल दोन टोकांना आणि वरच्या मजल्यांवर अधिक जाणवते. मध्यभागी व खालच्या मजल्यावर ती सर्वांत कमी. पाळण्याच्या कडेपेक्षा मध्ये बसलेल्याला झोका कमी लागतो, त्यातलाच हा प्रकार. वृद्धांना नेताना केबिन उद्वाहनाजवळ मागावी. नाटकगृहाच्या किंवा स्वयंपाकघराच्या अगदी खालची खोली टाळावी, कारण तेथे रात्री उशिरापर्यंत आणि पहाटे लवकर खडखडाट चालतो.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर पहिली सोय कोणती पाहावी? बहुतेक लोक बुफेकडे धावतात. आमच्या मते पहिली सोय म्हणजे लाइफ जॅकेट. जहाज निघण्यापूर्वी प्रवाशांची सुरक्षेची कवायत घेतात. कोणत्या जागी जमायचे, जॅकेट कसे बांधायचे, भोंग्याची खूण कोणती, हे तेथे सांगतात. ती वेळ कंटाळवाणी वाटते, कित्येक जण केबिनमध्येच बसून राहतात. कोकणच्या माणसाने तसे करू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आपल्या जिल्ह्यातली किती घरे त्या एका दिवशी उघडी पडली, याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. दूरचे उदाहरण हवे असेल तर १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे अवाढव्य पर्यटनजहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे दगावली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत व्हायचीच होती, कारण त्या वेळच्या नियमाने ती चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावी लागते. हा नियम माणसांच्या जिवाच्या किमतीवर आलेला आहे, त्याला अर्धा तास देणे जड वाटू नये.

आता मुख्य विषय, भोजन. जहाजावरचे स्वयंपाकघर समजून घेण्यासाठी फार लांब जावयास नको. दिवेआगरच्या घरगुती खाणावळीत जेवायचे तर आधी वर्दी द्यावी लागते. किती पाने, शाकाहारी किती, मासे कोणाला, उकडीचे मोदक हवेत काय, हे सकाळीच सांगावे लागते. घरची बाई त्या मानाने नारळ खवते, पिठी काढते, बाजारातून मासळी आणवते. आयत्या वेळी वीस माणसे आली तर ती हात जोडते, आणि त्यात तिचा आळस नसतो. जहाज म्हणजे हीच खाणावळ शेकडो पटींनी वाढवलेली आणि बाजारापासून तोडलेली. समजा जहाजावर दीड हजार प्रवासी आहेत. तीन वेळची मिळून साडेचार हजार पाने झाली. शिवाय चहा, फराळ आणि कामगारांचे जेवण वेगळे. भर समुद्रात कोथिंबीर संपली तर ती आणायला कोणी कोपऱ्यावर जाऊ शकत नाही. म्हणून सारा माल बंदरावरच मोजून भरतात आणि मांस, मासळी, दूधदुभते, भाजीपाला यांसाठी निरनिराळ्या तपमानाच्या शीतखोल्या ठेवतात. आग हा जहाजाचा मोठा शत्रू, त्यामुळे उघड्या जाळावर स्वयंपाक होत नाही. विजेच्या शेगड्या आणि वाफेची भांडी वापरतात. पाव भाजणारे रात्री कामाला लागतात, म्हणून सकाळी सात वाजता आपल्यापुढे ताजा पाव येतो.

हे एकदा कळले की कसे जेवावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. पहिली गोष्ट, आपली वर्दी आधी द्यावी. जैन भोजन, कांदालसूण वर्ज्य, मधुमेह, शेंगदाण्याची किंवा कोळंबीची बाधा, एकादशीचा उपास, जे काही असेल ते तिकीट काढतानाच लेखी कळवावे आणि पहिल्या संध्याकाळी आपल्या टेबलावरच्या वाढप्याला पुन्हा सांगावे. 'उद्या आम्हाला उपासाचे हवे' असे आज सांगणाऱ्याची सोय बहुधा होते. ताट पुढे आल्यावर सांगणाऱ्याला फळे खाऊन उठावे लागते. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी जेवणाची अडचण सहसा पडत नाही, पण तेल कोणते, भांडी वेगळी आहेत काय, असे बारीक प्रश्न ज्याला महत्त्वाचे असतील त्याने ते आधीच विचारावेत.

दुसरी गोष्ट वेळेची. चढण्याच्या दिवशी दुपारी सगळेच बुफेवर तुटून पडतात. तासभर थांबावे, गर्दी ओसरते. नाहीतर मुख्य भोजनगृह उघडे आहे का ते पाहावे, तेथे पुष्कळदा शांतता असते. न्याहारीला नऊची वेळ सर्वांची, म्हणून साडेसातला जावे. जेथे रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात तेथे लहान मुले आणि वृद्ध असलेल्यांनी पहिली पंगत घ्यावी. ठरलेले टेबल मिळाले तर त्यात एक मोठा लाभ असतो, तो म्हणजे तोच वाढपी रोज भेटतो. पहिल्या रात्री आपण चहात साखर कमी मागितली तर तिसऱ्या रात्री ती न सांगता कमी येते. आजोबांना भात मऊ लागतो हे त्याला पाठ होते.

तिसरी गोष्ट, बुफेपेक्षा टेबलावरच्या जेवणाला अधिक मान द्यावा. भाड्यात दोन्ही सारखेच आलेले असताना पुष्कळ लोक संकोचाने भोजनगृहाकडे फिरकत नाहीत. काटेचमचे कसे धरायचे, पदार्थांची नावे कशी उच्चारायची, अशी भीती त्यांना वाटते. ही भीती सोडून द्यावी. पदार्थ कळला नाही तर 'हे काय असते?' असे सरळ विचारावे. सांगणे हे वाढप्याचे कामच आहे, आणि त्याला ते आवडतेही. हाताने जेवावेसे वाटले तर खुशाल जेवावे. आपल्या पैशाने आपण जेवत आहोत. थोडे थोडे मागवून दोघांत वाटून खाल्ले तर अनेक पदार्थांची चव कळते. जिभेला नवे दाखवण्यासाठीच तर आपण इतक्या दूर आलो.

बोट लागणाऱ्यांसाठी दोन शब्द. अनेकांची समजूत अशी की पोट रिकामे ठेवले म्हणजे मळमळ होत नाही. उलट रिकाम्या पोटी ती वाढते. कोरडा पाव, बिस्किटे, थोडा भात असे हलके खावे, तेलकट व फार गोड टाळावे, आल्याचा तुकडा चघळावा. केबिनमध्ये पुस्तक वाचत पडण्याऐवजी उघड्या डेकवर यावे आणि क्षितिजावर नजर ठेवावी. औषध घ्यायचे तर ते डॉक्टरला विचारून, आणि डोलणे सुरू होण्याच्या आधी घ्यावे. जेवणापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुणे हा तर जहाजावरचा पहिला धर्म. शेकडो माणसे एकच चमचा हाताळतात. उलट्याजुलाबाची साथ बंद जागेत वाऱ्यासारखी पसरते आणि एकाच्या हलगर्जीपणाने शंभरांची सहल बिघडते.

पानात टाकण्याविषयी आम्हाला विशेष सांगावयाचे आहे. 'पैसे दिलेत, मग भरपूर घ्या' असे म्हणत काही लोक बशीवर डोंगर रचतात आणि निम्मा तसाच टाकून उठतात. त्याने पैसे वसूल होत नाहीत. त्याच पैशांत आपण ते अन्न वाया घालवलेले असते. शिवाय ते अन्न जाते कोठे, हा प्रश्न आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाने अवश्य विचारावा. समुद्राच्या प्रदूषणाविषयी जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यातील कचऱ्याचे नियम १९८८ च्या अखेरीस अमलात आले. त्यांनुसार प्लास्टिक समुद्रात कोठेही टाकता येत नाही. उरलेले अन्न बारीक दळलेले असेल तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे, आणि न दळलेले असेल तर बारा मैलांपलीकडेच टाकता येते. काही संरक्षित समुद्रांत नियम याहून कडक आहेत. बारा सागरी मैल म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर. ज्या वाळूत कासवे अंडी घालायला येतात त्या वाळूपासून हे अंतर फार मोठे नाही. थोडे घ्यावे, हवे तर पुन्हा घ्यावे. पुन्हा उठायला जहाजावर कोणी मना करीत नाही. पाण्याचेही तसेच. आपल्या वाडीतल्या विहिरीचे पाणी रहाटाने येते. जहाजावरचे गोडे पाणी इंधन जाळून येते. शॉवर उघडा ठेवून साबण लावणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

इतर सोयींचा लाभ घेण्याचा नियमही गर्दीच्या उलट चालण्याचा. रोज संध्याकाळी केबिनमध्ये किंवा फोनवर दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रमपत्रक येते. ते वाचून दोन-तीन गोष्टी निवडाव्यात. सगळ्यांच्या मागे धावणारा शेवटी फक्त जिने चढतो-उतरतो. तलावात पोहायचे तर सकाळी लवकर, किंवा जहाज बंदरात असताना व बहुतेक लोक उतरलेले असताना जावे. टॉवेल टाकून खुर्ची अडवून ठेवणे ही गाडीत रुमाल टाकून जागा धरण्याचीच तऱ्हा. ती येथे शोभत नाही. मुलांना त्यांच्या खेळघरात सोपवून आईने दोन तास निवांत बसावे. घरी तिला ते मिळत नाहीत, म्हणून त्या दोन तासांची किंमत कोणत्याही मेजवानीहून अधिक आहे. बंदरावर उतरल्यावर परतीची वेळ हातावर लिहून ठेवावी, कारण स्वतःच्या हिंडण्यात उशीर करणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही. आणि एक पहाट तरी डेकवर काढावी. जो समुद्र आपण जन्मभर किनाऱ्यावरून पाहिला, त्याच्याकडून आपला किनारा कसा दिसतो, हे पाहायला मिळणे हीच आपल्यासाठी या प्रवासातली सर्वांत मोठी सोय आहे. तिचे पैसे वेगळे पडत नाहीत.

आता पडद्यामागे जाऊ. पूर्वीच्या जहाजांवर आपल्याच किनाऱ्याची माणसे राबत. सारंग, तांडेल, सुखाणी, खलाशांचे जेवण रांधणारा भंडारी, ही नावे आपल्या कानांवरची आहेत. विलायती कंपन्यांच्या बोटींवर आचारी आणि वाढपी पुष्कळसे गोव्याचे असत. त्यांना तिकडे तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांचे जे कूड आहेत ते या लोकांनीच वसवले. पुढच्या बोटीची वाट पाहत ते तेथे महिनेमहिने काढीत. आजही पर्यटनजहाजांवर भारतीय आचारी, वाढपी आणि खोल्या आवरणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांचा करार बहुधा सहा ते दहा महिन्यांचा असतो. तेवढ्या काळात घरी जाणे नाही, रविवार नाही. प्रवाशाच्या केबिनला समुद्र दिसतो, त्यांची झोपण्याची जागा पुष्कळदा खालच्या मजल्यांवर, बिनखिडकीची आणि दोघाचौघांत वाटलेली असते. जहाजावर झेंडा ज्या देशाचा, कायदा त्या देशाचा. म्हणून कित्येक मालक आपली जहाजे पनामा, बहामा अशा देशांच्या झेंड्याखाली नोंदवतात, आणि त्याविरुद्ध वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९४८ पासून मोहीम चालवली आहे.

या माणसांसाठी जे थोडेफार नियम झाले त्यांच्या मुळाशी आपल्या जिल्ह्याचाही हात आहे, हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो. माणगाव तालुक्यातील गोरेगावला १८७९ साली जन्मलेले नारायण मल्हार जोशी १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढच्या वर्षी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्याच १९२० साली जिनोआ येथे त्या परिषदेचे खलाशांसाठी खास अधिवेशन भरले. तेथून निघालेली वाट २००६ च्या सागरी कामगार कराराशी येऊन पोचते. तो २०१३ साली जगात अमलात आला आणि २०१५ साली भारताने त्याला मान्यता दिली. त्यात कामाचे तास मोजून मर्यादा घालतात: कोणत्याही चोवीस तासांत चौदाहून अधिक काम नाही आणि आठवड्यात बहात्तरहून अधिक नाही, अथवा विश्रांती मोजून, दिवसाला किमान दहा तास आणि आठवड्याला सत्त्याहत्तर. हे आकडे जरा मनात घोळवा. ही कमाल मर्यादा आहे, आणि तीदेखील इतक्या वर्षांच्या झगड्यानंतर मिळालेली! त्याच करारात आणखी एक कलम आहे: खलाशाला जहाजावर जेवण व पाणी विनामूल्य, पुरेसे, चांगले आणि त्याच्या धर्माचा व चालीरीतींचा विचार करून द्यावयाचे.

हे कलम कागदावर लहान दिसते, पण समुद्रावरच्या अन्नाचा इतिहास मोठा आहे. १९०५ साली रशियाच्या 'पोटेम्किन' युद्धनौकेवर किडक्या मांसावरून बंड झाले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक ठाण्यावर आपल्या नौसैनिकांनी निकृष्ट अन्न नाकारले आणि दोन-चार दिवसांत तो वणवा बंदरोबंदरी पसरला. मुंबईचे कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरले. जहाजावर माणूस बाहेर जाऊन दुसरीकडे जेवू शकत नाही. त्याच्या ताटात काय पडते यावरूनच मालक त्याला माणूस समजतो की नाही, हे त्याला कळते. आपल्यापुढे पाच पदार्थ मांडणारा वाढपी स्वतः काय जेवला, हा प्रश्न म्हणूनच अस्थानी नाही.

मग प्रवाशाने काय करावे? दुःखी चेहरा करून जेवावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याने रांधले त्याला ते आवडीने खाल्लेले पाहूनच समाधान होते. फक्त काही साध्या गोष्टी पाळाव्यात. वाढप्याचे आणि खोली आवरणाऱ्याचे नाव विचारून घ्यावे आणि नावाने हाक मारावी. टाळी वाजवून बोलावू नये. जेवणाची वेळ संपल्यावर गप्पा मारत टेबल अडवू नये, कारण ते आवरल्याखेरीज त्याच्या विश्रांतीचे तास सुरू होत नाहीत. सेवाशुल्क बिलात असेल तर ते कोणाकोणाला जाते हे विचारावे. प्रवाशांनी विचारत राहणे हाही एक प्रकारचा पहारा असतो. वर काही द्यायचे तर शक्य तेथे ज्याच्या त्याच्या हातात द्यावे. अखेरीस जो अभिप्रायाचा अर्ज येतो त्यात चांगले काम करणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे. पुढचा करार मिळताना त्या दोन ओळी त्याला उपयोगी पडतात. तक्रारही जरूर करावी, पण ती व्यवस्थेविषयी असावी. आमटी निवली ती वाढप्यामुळे की एका वाढप्याकडे बारा टेबले दिल्यामुळे, हे पाहून लिहावे. आपण रागाच्या भरात लिहिलेले एक नाव कोणाच्या तरी घरची मनीऑर्डर थांबवू शकते.

शेवटचा मुद्दा आमच्या तरुण श्रोत्यांसाठी आहे. ही जहाजे पाहून तुमच्यापैकी काहींना त्यांवर नोकरीला जावेसे वाटेल, आणि त्यात काही गैर नाही. पण नोकरी लावून देतो म्हणून लाखाची मागणी करणारे दलाल कोकणात गावोगाव हिंडतात. आमच्याकडे आलेल्या एका मुलाच्या बापाने पोफळीची बाग गहाण टाकून असे पैसे भरले. हाती आले ते खोटे नेमणूकपत्र. ध्यानात ठेवा, त्याच सागरी कराराप्रमाणे नोकरी मिळवून देण्याची फी खलाशाकडून घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, खलाशाचे नोंदपुस्तक आणि पारपत्र, एवढाच खर्च त्याच्या अंगावर येऊ शकतो. व्हिसाचा खर्चदेखील मालकाचा. भारतात भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. परवाना पाहिल्याशिवाय एक कागदही देऊ नका, आणि पैसे मागितले की तेथून उठा.

श्रोतेहो, आपल्याकडे पंगतीची एक रीत आहे. यजमान आग्रह करतो, पाहुणा पोटभर जेवतो, आणि उठण्यापूर्वी रांधणारीला 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो. जहाजावर यजमान दिसत नाही, रांधणारा खालच्या मजल्यावर असतो आणि आग्रहाची भाषा परकी असते. तरीही ती पंगतच आहे. भाड्यात काय आले ते नीट समजून घ्या, सोयींचा मनमुराद उपभोग घ्या, पानात टाकू नका, आणि ज्यांच्या श्रमावर आपले चार दिवस सुखाचे गेले त्यांची नावे घरी आल्यावरही आठवणीत ठेवा.